कोकणात घर बांधताय? एसपीटी करून घ्या, पण पहिल्या कातळावर थांबू नका

पाऊस संपला, भात कापून झालं की आपल्याकडे बांधकामाचा सीझन सुरू होतो आणि तेव्हाच मला फोन यायला लागतात, की जागा घेतलीय, प्लॅन झालाय, आता आर्किटेक्ट म्हणतोय सॉइल टेस्टिंग करा (त्यातलं मुख्य म्हणजे एसपीटी, बोअर पाडून त्यात नळी ठोकायची आणि माती किती घट्ट ते ठोक्यांवरून मोजायचं), तर ते खरंच लागतं का आणि लागत असेल तर काय काय बघायचं. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय. मी काही मातीतला तज्ज्ञ नाही, साधा साइट इंजिनिअर आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात कामं करतो, पण बोअरच्या बाजूला उन्हात उभं राहून ठोके मोजायचं काम मात्र भरपूर केलंय, त्यामुळे जे लिहितोय ते त्या बाजूने लिहितोय. डिझाइन तुमचा स्ट्रक्चरल इंजिनिअरच करणार, त्याला आकडे खरे मिळाले पाहिजेत एवढंच आपलं काम.

मालवणकडच्या एका गावातली गोष्ट आधी सांगतो. सड्यावरची जागा, चहूबाजूला काळा जांभा उघडा पडलेला, पायाखाली दगडच दगड. मशीनचा टेम्पो आला तसे शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे झिला, हय सगळो कातळच आसा, पैशे कित्याक घालवतंस?" आणि खरंच, एक मीटर वीसला पहिली टेस्ट घेतली तर पन्नास ठोक्यात स्पून, म्हणजे ठोकायची ती नळी, चार सेंटीमीटर पण आत गेला नाही. ड्रिलरने रॉड काढले, बिडी पेटवली, म्हणाला साहेब रिफ्यूजल आलं (म्हणजे स्पून पुढे जाईना), संपलं काम, दुसरा पॉइंट दाखवा. मी नवीन होतो तेव्हा असाच एकदा थांबलो होतो, त्याचं पुढे सांगतो, पण इथे म्हटलं नाही, कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढत खाली चल. चार मीटरपर्यंत जांभा, आणि त्याच्याखाली अचानक रॉड लोण्यात सुरी गेल्यासारखा खाली. पांढरट, मधेच गुलाबी, मधेच पिवळी अशी साबणासारखी चिकणमाती. तिच्यात एसपीटी घेतली तर एन, म्हणजे शेवटच्या ३० सेंटीमीटरला लागलेले ठोके, आला ६. वर पन्नासात चार सेंटीमीटर आणि खाली सहा ठोक्यात एक फूट! आजोबा अजून कुंपणाशीच होते, त्यांना माती हातात दिली, चोळून बघितली आणि म्हणाले, ही तर विहिरीत लागता ती माती. म्हणजे त्यांना माहीत होतं, फक्त तो विषय पायाशी जोडला नव्हता.

तर एसपीटी म्हणजे काय

स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट. नाव भारी आहे पण प्रकार एकदम गावठी आहे, जमिनीत खुंटी ठोकताना आपल्याला हाताला कळतंच ना की माती मऊ आहे की घट्ट, तेच इथे मोजून करतात. अमेरिकेत बोस्टनला १९०२ च्या सुमारास पाइप ठोकून मातीचे नमुने काढायला सुरुवात झाली त्यातून हे आलं, आणि आजही जगभर तेच चालतंय. आपल्याकडे याचा कोड (भारतीय मानक) आहे आयएस २१३१. बोअर खणून ठरलेल्या खोलीला पोचायचं, तळ साफ करायचा, रॉडच्या टोकाला स्प्लिट स्पून नावाची पोकळ नळी लावायची, बाहेरून ५०.८ मिलिमीटर, आतून ३५, आणि ती उभी चिरलेली असते म्हणजे नंतर दोन फाका करून आतली माती बघता येते. मग ६३.५ किलोचा हॅमर ७५ सेंटीमीटरवरून सोडायचा, परत उचलायचा, परत सोडायचा. स्पून ४५ सेंटीमीटर आत जाईपर्यंत. हे ४५ सेंटीमीटर १५-१५ चे तीन भाग करून मोजतात. पहिल्या १५ चे ठोके लिहायचे पण धरायचे नाहीत कारण तळाशी थोडी सुटी माती, गाळ असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचे ठोके मिळवले की झाला एन. समजा ३, ५, ७ असे ठोके पडले तर एन १२, पंधरा नाही. हे इतकं सोपं असूनही तिन्ही मिळवून लिहिलेले लॉग (बोअरच्या नोंदी) मी पाहिलेत.

साधारणपणे दर दीड मीटरला एक टेस्ट घेतात आणि मधे मातीचा थर बदलला तर तिथेही घेतात. १५ सेंटीमीटरला पन्नास ठोके होऊन गेले, किंवा शेवटच्या ३० ला मिळून शंभर, किंवा लागोपाठ दहा ठोके मारून स्पून जागचा हलतच नाही, तर त्याला रिफ्यूजल म्हणायचं. पण लिहिताना नुसतं 'रिफ्यूजल' लिहू देऊ नका, किती ठोक्यात किती सेंटीमीटर गेला ते लिहायला लावा. पन्नासात बारा सेंटीमीटर आणि पन्नासात एक सेंटीमीटर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बोअर किती आणि किती खोल

आयएस १८९२ मधे असं आहे की साधारण ०.४ हेक्टर, म्हणजे चाळीसेक गुंठ्यांची सलग जागा असेल तर चार कोपऱ्यात चार आणि मधे एक बोअर पुरे, आणि छोट्या, कमी महत्त्वाच्या बिल्डिंगला मधोमध एक पण चालतो. पण हे सगळीकडे एकसारखी माती असलेल्या जागेचं झालं. कोकणात तीन गुंठ्यांच्या जागेत एका कोपऱ्यात कातळ आणि दुसऱ्या कोपऱ्यात भराव असं सर्रास असतं, विशेषतः उतारावर जिथे वरचं कापून खाली टाकून जागा सपाट केलेली असते. म्हणून घर साधं एकमजली-दुमजली असलं तरी मी निदान दोन बोअर सांगतो, एक वरच्या बाजूला, एक खालच्या बाजूला जिथे भराव जास्त वाटतो तिथे. पैसे वाचवायचे असतील तर मधले पॉइंट डायनॅमिक कोनने करा, म्हणजे ५० मिलिमीटरचा कोन ६५ किलोच्या हॅमरने ठोकत जायचा आणि दर १० सेंटीमीटरला ठोके मोजायचे. माती हातात येत नाही पण दोन बोअरच्या मधे काही खड्डा-बिड्डा पुरलेला आहे का ते कळतं, आणि खर्च बराच कमी.

खोलीचा अंगठ्याचा नियम असा की पायाच्या तळापासून खाली फुटिंगच्या (खांबाखालच्या पायाच्या) रुंदीच्या दीडपट तरी गेलंच पाहिजे. दोन मीटरचं फुटिंग असेल तर खाली तीन मीटर. राफ्ट, म्हणजे सगळ्या घराखाली एकच सलग पाया, घालणार असाल तर रुंदी सगळ्या राफ्टची धरतात, मग बोअर बराच खोल जातो. पण आपल्याकडे या नियमाच्या आधी खालचा भूगोल बघावा लागतो, तो पुढे येतोच.

बोअरचे पॉइंट ठरवताना गावातल्या जुन्या माणसाला विचारा की इथे पूर्वी काय होतं. हा सल्ला कुठल्या कोडमधे नाही पण मला सगळ्यात उपयोगी पडलाय. पाट होता का, शेततळं होतं का, जुनी चिरेखाण होती का. सोडलेल्या चिरेखाणी माती-दगड टाकून बुजवतात आणि दहा वर्षांनी वरती गवत उगवलं की कोणाला पत्ता लागत नाही.

मशीन आल्यावर तुम्ही तिथे पाहिजे

खरं तर या सगळ्या लेखातलं हेच मुख्य आहे. एसपीटीचा आकडा कुठल्या कॉम्प्युटरमधून येत नाही, बाजूला उभा असलेला माणूस मोजतो आणि वहीत लिहितो. तो मधेच फोनवर बोलायला गेला तर चार ठोके गेलेच. म्हणून मालक म्हणून तुम्ही किंवा तुमचा इंजिनिअर, कोणीतरी एक जण पूर्ण वेळ हजर पाहिजे, आणि हातात स्वतःची वही पाहिजे.

ट्रायपॉड उभा केला, विंच लावली की आधी हॅमर बघा. त्याचं वजन कुठेतरी कोरलेलं असतं किंवा नसतं, नसेल तर विचारा कधी काटा केला होता. मग हॅमर किती उंच उचलतात ते बघा. हॅमरच्या वरच्या गाइड रॉडवर ७५ सेंटीमीटरची खूण पाहिजे, खडूने केली तरी चालेल. दोर हाताने ओढून सोडायची पद्धत असेल तर सकाळी दहा वाजता हॅमर ऐंशी सेंटीमीटर चढतो आणि जेवणाच्या आधी साठ, माणूस दमतो ना. आणि ड्रमवर दोराचे वेढे जास्त घेतले तर हॅमर मोकळा पडत नाही, घसटत खाली येतो, दोनपेक्षा जास्त वेढे घेऊ देऊ नका. हॅमर कमी उंचीवरून किंवा अडखळत पडला तर ठोके जास्त लागतात, एन फुगतो, आणि माती आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. म्हणजे चूक नेमकी आपल्याला गोत्यात आणणाऱ्या बाजूला होते. आपोआप सुटणारा ट्रिप हॅमर असेल तर उत्तम, तोच मागा. आवाजावरून पण कळतं, मोकळा पडलेला हॅमर 'ठण्ण' वाजतो, अडकत पडलेला 'ठप्' करतो, दोन दिवस उभे राहिलात की कानाला फरक कळायला लागेल.

दुसरी गोष्ट रॉडवरच्या खुणा. ठोकायला सुरुवात करायच्या आधी रॉडवर खडूने १५-१५ सेंटीमीटरच्या तीन खुणा करायच्या, जमिनीच्या पातळीपासून नाही तर केसिंगच्या (बोअर ढासळू नये म्हणून घातलेल्या पाइपच्या) काठासारख्या कुठल्यातरी न हलणाऱ्या जागेपासून. आणि रॉड सरळ आहेत का, जॉइंट घट्ट आवळलेत का ते बघा. ढिल्या जॉइंटमधे ठोक्याचा जोर तिथेच जिरतो.

तिसरी गोष्ट, आणि ही किनाऱ्यालगतच्या जागेत फार महत्त्वाची आहे, बोअरमधलं पाणी. पुळणीच्या वाळूत पाण्याच्या पातळीखाली बोअर घेताना आतलं पाणी उपसलं किंवा रॉड झटकन वर ओढले की बाहेरचं पाणी तळातून आत घुसतं आणि सोबत वाळू घेऊन येतं, केसिंगमधे वाळू उकळल्यासारखी वर चढते. मग तुम्ही टेस्ट घेता ती त्या सुट्या झालेल्या वाळूची, मूळ जमिनीची नाही, एन ४ येतो जिथे १५ यायला पाहिजे होता. उपाय सोपा आहे, बोअर कायम पाण्याने किंवा बेंटोनाइट मातीच्या राड्याने काठोकाठ भरलेला ठेवायचा, आत पातळी बाहेरच्यापेक्षा वर राहिली पाहिजे, आणि रॉड सावकाश काढायचे. टेस्टच्या आधी टेप सोडून तळ मोजा. बोअर ६ मीटर केला आणि टेप साडेपाचलाच टेकतोय तर अर्धा मीटर वाळू आत आलीय, आधी धुवून काढा मग टेस्ट. आणि केसिंग टेस्टच्या पातळीच्या खाली कधीही नको.

स्पून वर आला की सगळं बाजूला ठेवून तो उघडताना बघा, मला तर आजही मजा वाटते. कुडाळच्या पुढे खाडीकाठी एका जागेत, वरून नुसतं गवत आणि एका कोपऱ्यात दोन माड, साडेचार मीटरवरचा स्पून गोणपाटावर ठेवून फाकला आणि आत काळीभोर, चकचकीत माती, मधेमधे तिसऱ्याच्या शिंपल्यांचे पांढरे तुकडे, कुजक्या अंड्यासारखा वास, आणि एका जागी चक्क खारफुटीचं काळं पडलेलं मूळ. ती जागा म्हणजे बुजवलेलं खाजण होतं हे सातबारावर कुठेच नव्हतं, पण स्पूनमधे स्वच्छ लिहिलेलं होतं. नमुना लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा न ठेवता, बोअर नंबर, खोली, तारीख, ठोके असं लिहून. उन्हात ठेवला तर ओलावा उडतो आणि लॅबमधला ओलाव्याचा आकडा वाया जातो. मोबाइलने फोटो काढा, बाजूला टेप आणि पिशवीवरचं लेबल दिसेल असा.

जांभा, कोकणातलं खरं कोडं

जांभा हा खडक आहे पण नेहमीसारखा नाही. खालचा मूळ खडक हजारो-लाखो पावसाळे झिजून, त्यातलं लोखंड आणि अॅल्युमिनिअम वर राहून जांभा झाला. खाणीतून चिरा काढताना तो ओला आणि मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, हे आपल्याकडे गवंड्यालाही माहीत आहे. पण त्याच झिजण्याचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो, की वरती कडक पापुद्रा आणि त्याच्याखाली ती पांढरट-गुलाबी मऊ माती, आणि मग कुठेतरी खाली सडका, मग पक्का खडक. रत्नागिरी-देवगडकडे तो खडक बहुतेक बेसाल्ट असतो, मालवण-वेंगुर्ल्याकडे ग्नाइस, क्वार्टझाइट अशा त्याहून कितीतरी जुन्या खडकांवर पण जांभा बसलेला सापडतो. मधल्या मऊ थराने कोकण रेल्वेलाही दमवलंय, गोव्यात पेडण्याचा बोगदा अशाच मऊ जमिनीतला आणि जुलै २०२४ मधे त्यात चिखल-पाणी घुसून गाड्या बंद ठेवायला लागल्या होत्या.

म्हणून जांभ्यात एसपीटीचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. रिफ्यूजल आलं तर टेस्ट थांबवायची, बोअर नाही. तिथून डायमंड बिट लावून कोअर काढत खाली जायचं, जांभा पार करायचा, आणि मऊ थर लागला की परत एसपीटी सुरू. रेट ठरवतानाच हे लिहून घ्या, 'रिफ्यूजलनंतर कोअरिंग करून खालच्या थरात परत एसपीटी', नाहीतर साइटवर वाद होतो कारण खडकातल्या मीटरचा रेट वेगळा असतो. कोअर किती मिळाला ते टक्क्यात लिहितात, आणि त्यातले १० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब असलेले अखंड तुकडे मिळवून काढलेला टक्का म्हणजे आरक्यूडी. आरक्यूडी २५ च्या खाली म्हणजे खडक फारच तुटका, ७५ च्या वर म्हणजे चांगला. जांभ्यात भोकं भोकं असतात त्यामुळे आरक्यूडी कमी दिसतो, त्याने घाबरायचं नाही, पण ड्रिलिंग करताना पाणी अचानक गायब झालं, वर परत येईना, किंवा रॉड एकदम वीतभर खाली पडला तर ती खोली नक्की लिहा, तिथे पोकळी आहे.

उलटा धोका पण आहे. लाल मातीत सुटे जांभ्याचे गोटे असतात, स्पूनच्या तोंडात एक गोटा अडकला की ठोके चाळीस-पन्नास होतात आणि वाटतं घट्ट थर लागला. स्पून उघडलात आणि आत ४५ च्या जागी पाचच सेंटीमीटर माती आणि पुढे एक दगड दिसला तर तो आकडा सोडून द्या, थोडं खाली जाऊन परत टेस्ट घ्या.

आता मी पूर्वी थांबलो होतो त्याचं. तिथे दोन मीटरला रिफ्यूजल आलं, मी सही केली, घर उभं राहिलं, घराला काही झालं नाही. पण सेप्टिक टँक खणायला घेतला तर तीन मीटरच्या खाली खड्ड्याच्या भिंती सुटायला लागल्या, वरून कडक जांभा आणि खालून माती ओघळतेय, छपराखालची भिंत काढल्यासारखं. दोन गडी आत होते, वेळेत वर आले. तेव्हापासून रिफ्यूजल ऐकलं की मी पहिला प्रश्न विचारतो, खाली काय आहे? मालवणच्या त्या आजोबांच्या शेजारच्या घराचं शेवटी काय केलं, तर दुमजली घराला वरचा जांभाच पुरेसा होता, दीड मीटरची फुटिंगं एक मीटरवर ठेवली, खाली तीन मीटर पापुद्रा शिल्लक राहिला, फक्त सड्याच्या कड्यापासून घर आत सरकवलं कारण कड्याला तो मऊ थर उघडा पडलेला दिसत होता आणि पावसात तोच आधी सुटतो. सेप्टिक टँक उथळ आणि लांब केला, पापुद्रा फोडला नाही. चार मजले असते तर हिशोब वेगळा झाला असता.

आकड्यांचं पुढे काय होतं

वाळूत एन ४ पर्यंत म्हणजे अगदी सैल, १० पर्यंत सैल, ३० पर्यंत मध्यम, ५० पर्यंत घट्ट, त्याच्यावर फारच घट्ट. चिकणमातीत २ च्या आत अगदी मऊ, ४ पर्यंत मऊ, ८ पर्यंत मध्यम, १५ पर्यंत कडकसर, ३० पर्यंत चांगली कडक. वाळूतला एन बराच भरवशाचा, मऊ चिकणमातीतला तेवढा नाही, कारण ठोके देताना माती घुसळली जाते. खाजणात एन १-२ आला, किंवा नुसत्या रॉडच्या वजनानेच स्पून खाली गेला, तर एसपीटीवर हिशोब करू नका, पातळ नळीने न हललेला नमुना काढायला सांगा आणि व्हेन शिअर टेस्ट करायला सांगा, म्हणजे मातीत पात्यांची फुली खुपसून फिरवायची आणि माती तुटायला किती जोर लागतो ते मोजायचं.

वहीतला एन तसाच वापरत नाहीत, त्याला करेक्शन असतात. कुडाळच्या त्याच खाडीकाठच्या बोअरमधे साडेसात मीटरला बारीक वाळू लागली, ठोके ८, ९, १२, म्हणजे एन २१. वरच्या मातीचा दाब पाण्याचा उचल वजा करून चौरस मीटरला साधारण ६ टन धरला, त्याचा फॅक्टर येतो १.१७ च्या आसपास (१० टनाला तो १ असतो, उथळ जागी एकापेक्षा जास्त, खोल गेलं की कमी), म्हणजे एन झाला जवळपास २५. पण ही पाण्याखालची बारीक वाळू, ठोका बसला की पाणी पटकन निघून जात नाही आणि वाळू असते त्यापेक्षा ताठ वागते, म्हणून १५ च्या वरचा जो भाग आहे तो निम्मा करायचा, १५ अधिक १० चे निम्मे, २०. हा आकडा डिझाइनला गेला. रिपोर्टमधे वहीतला एन आणि करेक्शन केलेला एन हे दोन वेगळे कॉलम पाहिजेतच.

त्यानंतर आयएस ६४०३ ने मातीची ताकद आणि आयएस ८००९ ने ती किती खचेल हे काढतात आणि दोन्हीतला लहान आकडा घेतात. लोक फक्त एसबीसी (माती किती भार पेलेल तो आकडा) विचारतात, की किती टन आला, पण आपल्या खाडीकाठच्या मातीत फुटिंग मोडून आत जायचा धोका कमी, हळूहळू खचायचा जास्त, आणि सगळं घर सारखं खचलं तरी चालेल, एक कोपरा खचला की भिंतीला चिरा पडतात. आयएस १९०४ प्रमाणे आरसीसी घराच्या सुट्या फुटिंगला वाळूत ५० आणि मऊ चिकणमातीत ७५ मिलिमीटरपर्यंत खचणं चालतं, ती वरची हद्द आहे, टार्गेट नाही.

पाण्याच्या पातळीचं एक बघा. बोअरमधली पातळी काम संपल्यावर २४ तासांनी मोजायची, आणि खाडीलगत असेल तर भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा. आपले बोअर बहुतेक मार्च-एप्रिल-मे मधे होतात तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं, रिपोर्टमधे येतं 'पाणी ५ मीटरवर', आणि श्रावणात शेजारच्या विहिरीत वाकून हाताने कळशी भरता येते. पाणी पायाच्या तळापर्यंत वर आलं तर वाळूची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. म्हणून शेजारच्या विहिरीची पावसाळ्यातली पातळी विचारून कन्सल्टंटला लेखी कळवा. त्याच बोअरचं एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत लॅबला द्या, क्लोराइड, सल्फेट आणि पीएच बघायला, खाऱ्या जागेत सिमेंट कुठलं आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) किती हे आयएस ४५६ वरून त्यावरच ठरतं.

पुळणीवर पाण्याखाली सैल वाळू, एन १० च्या आत असेल तर भूकंपात ती पातळ होईल का हे आयएस १८९३ प्रमाणे तपासायला सांगा. कोकणात कुठे भूकंप असं म्हणू नका, ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा झाला आणि चिपळूणहून कोयना काही फार लांब नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

आधी शेवटचं पान सोडा आणि लॉग उघडा. एकदा एका लॅबचा रिपोर्ट आला, तीन बोअर, तिन्हीत दीड मीटरला एन १४, तीनला १८, साडेचारला २२, सहाला २६. दर वेळी बरोब्बर चारने वाढ, तिन्ही भोकांत एकच आकडा. जमीन असं वागत नाही हो. त्या दिवशी मशीन दुपारी दोनला आलं होतं आणि पाचला गेलं होतं, तीन बोअर सहा-सहा मीटर त्यात होणं शक्यच नाही, मी माझी वही काढली तर मी एकच बोअर बघितला होता. भांडण झालं, शेवटी दोन बोअर परत मारून दिले, आणि एकात तीन मीटरला एन ५ निघाला.

तेव्हा लॉगमधे १५-१५ चे तीन सुटे आकडे आहेत का बघा, नुसता एन नको. बोअर सुरू-बंद केल्याची तारीख, पाण्याची पातळी, केसिंग कुठपर्यंत, कोअरचे फोटो, पॉइंटचा नकाशा आणि जमिनीची लेव्हल. शेवटची तर बऱ्याच रिपोर्टमधे नसतेच, आणि नंतर जेसीबीने एक मीटर जागा कापली की मग 'दीड मीटर खोल' म्हणजे कुठून खोल हेच कळत नाही. कंपाउंडच्या दगडावर किंवा रस्त्याच्या मोरीवर एक खूण धरून तिच्यापासून मोजायला लावा.

मातीच्या पिशव्या आणि कोअर बॉक्स पाया भरून होईपर्यंत टाकू देऊ नका, फुटिंगचा खड्डा उघडला की त्यातली माती आणि पिशवीतली माती शेजारी ठेवून बघायची, वेगळी दिसली तर पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) थांबवून इंजिनिअरला बोलवायचं. आणि बोअरची भोकं त्याच दिवशी वाळू-सिमेंटच्या राड्याने बुजवून घ्या, सड्यावर गुरं मोकळी चरत असतात, एकदा एका वासराचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता आणि काढताना आमची संध्याकाळ गेली.